पक्षांसाठी पक्की जमीन मिळणेबाबत

आकाराम हवालदार पेन्शनीवर घरी आला तेव्हा पलटणीतून दोन गोष्टी घेऊन आला : हुकूम पाळायची सवय आणि लव्हबर्डांची एक जोडी. औंधजवळच्या त्या गावात पहिल्या गोष्टीचा कुणालाच काही उपयोग नव्हता. दुसरीची मात्र चार वर्षांत बत्तीस पाखरं झाली. गोठ्याच्या अंगाला त्यानं चांगला खोलीएवढा जाळीचा पिंजरा उभा केला, वर पत्रा घातला, आत दांड्या बसवल्या, अंड्यांसाठी मडकी टांगली. सगळं शिस्तीत झालं. राहिली ती फक्त खालची जमीन. ती देवानं दिली होती तशीच होती, म्हणजे नुसती माती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पौषात त्या मातीतून घूस आली.

सकाळी आकारामानं हजेरी घेतली तर पाखरं तीस. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. कोपऱ्यात नारळ मावेल एवढं बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी हिरवी पिसं. सतरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या हाताखालचं कुणी असं न विचारता गैरहजर झालं नव्हतं. त्यानं बीळ दगडानं ठेचून बुजवलं. घुशीनं वीतभर बाजूला दुसरं काढलं. पिंजऱ्याला खालून काहीतरी घातलं नाही तर शिमग्यापर्यंत नुसत्या दांड्या उरतील, हे कळायला पलटणीत जायची गरज नव्हती.

काय घालावं, हे मात्र त्यानं चार माणसांत बोलून दाखवलं. तिथं चुकलं.

पहिला आला त्याचा चुलतभाऊ हंबीरराव, गावच्या सोसायटीचा चेअरमन. त्यानं त्याच वर्षी घरात सांगलीहून आणलेली मोझाइकची फरशी बसवली होती. तेव्हापासून त्याच्या घरातली माणसं भिंतीला धरून चालत. एरवी फरशीवर पोती अंथरलेली असत; पाहुणे आले की ती उचलायची आणि पाहुणे पडले की पुन्हा अंथरायची, असा रिवाज होता.

"मोझाइक टाक, आकाराम," हंबीरराव म्हणाला. "हिरव्यात पांढरी खडी. पाखरानं खाली बघितलं की त्वांड दिसलं पायजे."

"त्वांड बघून काय करायचं त्येनं?"

"शोभा असती रं."

"आन घूस?"

"घूस घसरंल की."

आकारामाच्या बायकोनं, राहीबाईनं, हे गोठ्यातून ऐकलं. फरशी ही चपला घालून घरात हिंडणाऱ्या लोकांची खोड आहे, असं तिचं मत होतं. "माझ्या माहेरात सारवल्याल्या जमिनीत मुंगी शिरत न्हवती," ती म्हणाली, आणि दुपारी तिनं पिंजऱ्यात मुरूम चोपून शेणानं असं काही सारवलं की हात फिरल्याच्या रेघासुद्धा मोजून घ्याव्यात. दारापाशी ठिपक्यांची रांगोळी काढली. सकाळी बघतात तो घूस रांगोळीच्या बरोबर मधल्या ठिपक्यातून वर आलेली.

"आवं, मुरूमच भुसभुशीत आणला तुमी," राहीबाई म्हणाली. सारवणाला तिनं शेवटपर्यंत दोष लागू दिला नाही.

पाखरं उरली सव्वीस.

आकारामाच्या मनात सिमेंटचा कोबा होता. चार इंच जाड, त्यावर नदीची चाळलेली वाळू. वाळू बदलली की शीट गेली, आणि खालून घुशीचे दात पडले तरी तिला वाट मिळायची नाही. विचार उत्तम होता. पण त्या काळी सिमेंट परमिटावर मिळायचं आणि परमिट अर्जावर. गावात अर्ज लिहायचा मान नाथाजी गुरुजींचा. चाळीस वर्षं शाळेत शुद्धलेखन घातलेला माणूस. गावातल्या तीन पिढ्या अशुद्ध लिहीत, त्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या.

"पाखरं कापल्यागत मरायला लागलीत, चार पोती सिमेट द्या, येवडंच लिवा गुरुजी," आकाराम म्हणाला.

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "सरकारदरबारी पाखरं म्हणत नसतात. पाखरं हा गावंढळ शब्द. आणि कचेरीत गेल्यावर तूही तोंडातून काढू नकोस. साहेबलोक हसतील."

मग त्यांनी टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘विषय : पक्षांसाठी पक्की जमीन मिळणेबाबत.’

आता ‘पक्षी’ला ‘साठी’ लावायचं तर ‘क्ष’ला ‘य’ जोडून ‘पक्ष्यांसाठी’ लिहावं लागतं. तो ‘य’ गुरुजींनी लिहिला नाही. सिमेंट हा शब्द तर त्यांना इतका क्षुद्र वाटला की त्याला त्यांनी अर्जात पाऊलच ठेवू दिलं नाही. अर्ज तीन पानं झाला.

आकाराम एसटीनं साताऱ्याला गेला आणि एका कचेरीत हुद्द्याप्रमाणे ताठ उभा राहिला. अर्ज घेतला तो मधुकरराव नावाच्या क्लार्कांनी. निवडणूक तोंडावर आलेली. पक्ष असे फुटत होते की पाटी रंगवून वाळेपर्यंत नाव बदलायचं. मधुकररावांनी विषय वाचला आणि पहिल्यांदाच समोरच्या माणसाला खुर्ची दिली.

"किती आहेत तुमच्याकडे?"

"बत्तीस व्हते. आता सव्वीस हायत."

"एका गावात?"

"एकाच जागी, सायेब. माझ्याच परसात."

"आणि सहा कुठं गेले?"

"घुशीनं खाल्ले."

मधुकरराव राष्ट्रभाषेच्या चार परीक्षा पास झालेले होते आणि हिंदीत लाचेला काय म्हणतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी इकडे तिकडे बघून आवाज उतरवला. "असं उघड बोलू नये. उरलेल्यांचं आपसात पटतं का?"

"दिवसभर भांडत्यात. दाणं टाकलं की समदे एक."

"नवे निघतात?"

"निघत्यात की. पर फोडाफोडी लय. ह्येची त्यो फोडतो, त्येची ह्यो."

"आणि तुम्ही स्वतः कोणाच्या बाजूचे?"

"मी समद्यांस्नी सारखंच घालतो, सायेब."

एवढा निर्लेप माणूस मधुकररावांनी जिल्ह्यात पाहिला नव्हता. त्यांनी अर्जावर लाल शाईनं ‘तातडीचे’ लिहिलं. साधा कागद त्या टेबलावरून या टेबलावर यायला एक पावसाळा घेतो. पण याच्यात पक्ष होते आणि जमीन होती, त्यामुळं तो पळत सुटला. तीन आठवड्यांत महसुलाचे सर्कलसाहेब मोजणीची साखळी आणि शिपाई घेऊन आकारामाच्या दारात हजर झाले.

त्यांनी पिंजरा बघितला. पिंजऱ्यानं त्यांना बघितलं.

"ही तर पाखरं आहेत," सर्कल म्हणाले.

"व्हय सायेब," आकाराम म्हणाला. सरकारी माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून त्याला फार बरं वाटलं.

नाथाजी गुरुजींना बोलावणं गेलं. गुरुजी जराही डगमगले नाहीत. "पक्ष म्हणजे पंख," ते म्हणाले. "ज्याला पक्ष आहेत तो पक्षी. मूळ धातूला धरून लिहिलं आहे. चूक असेल तर दाखवा."

सर्कल शहाणे होते. मूळ धातूच्या नादी ते लागले नाहीत. "आकाराम, मी पाखरं लिहिलं तर वरचे विचारतील, सव्वीस पक्ष कुठं गेले. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कागदावर पक्ष आहेत, पक्षच राहू देत."

"मग सिमेट?"

"सिमेंटचा यात कुठं उल्लेखच नाही."

पंधरा दिवसांनी हुकूम आला आणि शिपायानं तो पिंजऱ्याच्या दारालाच चिकटवला. सदर जमिनीबाबत निर्णय होईपर्यंत जैसे थे परिस्थिती ठेवावी. त्या जागी खोदकाम, भराव, बांधकाम अथवा फरसबंदी करू नये. प्रत माहितीसाठी : चौघांना. त्या चौघांत घूस नव्हती. तिनं खोदकाम चालू ठेवलं.

"फाडा त्यो कागूद आन वता कोबा," राहीबाई म्हणाली. "सिमेट न्हाई तर चुना वता."

"हुकूम हाय."

"हुकूम देणाऱ्याला म्हणावं, ये आन बस हितं राखण करत."

आकारामाला तेही पटत होतं. हंबीररावाला कुठून तरी चार पोती मिळालीही असती. चेअरमनला काय मिळत नाही. पण सतरा वर्षं सहीचा कागद मानलेला माणूस, त्याचा हात उठेना. पाखरं एकोणीस झाली. उरलेली वरच्या दांडीवर अंग चोरून बसत आणि दाणे टिपायलासुद्धा खाली येत नसत. एक निळी मादी अंड्यावर होती. ती तर मडक्यातून तोंडच बाहेर काढीना. त्यानं दाण्याचं भांडं वर टांगलं. जमिनीकडं बघायला त्यालाच आता नको वाटत होतं.

त्याच दिवसांत बहिणीकडं तासगावला जाणं झालं. तिच्या मळ्यात बेदाण्याची शेड होती. चारी बाजूंनी मोकळी, आत तारेच्या जाळीचे कप्पे एकावर एक, आणि कप्प्यांवर पसरलेली द्राक्षं. दाजी मापं सांगत होते, आकाराम खाली वाकून जाळीच्या पोटाकडं बघत होता.

"खालनं वारं लागतंय," दाजी म्हणाले. "मातीला टेकली की कुजली."

"करंगळी जात न्हाई हिच्यातनं," आकाराम म्हणाला.

"आरं, करंगळी घालायला केलीय व्हय?"

जुनी काढून टाकलेली जाळी शेडच्या मागं गुंडाळून पडली होती. ती त्यानं एसटीच्या टपावर घालून आणली, चिंचेच्या पाण्यानं घासून तिचा गोड चिकटा काढला आणि दोन दिवस उन्हात ठेवली. मग हुकूम पुन्हा एकदा सावकाश वाचला. खोदू नये, त्यानं खोदलं नाही. भरू नये, मूठभर माती टाकली नाही. सपाट दगडांवर बाभळीचे सहा खुंट नुसते उभे केले, घूस चढू नये म्हणून खुंटांना तेलाच्या डब्यांचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला, चौकटीत जाळी ताणून बसवली, आणि रात्री पाखरं दांडीवर निजल्यावर भावकीतले आठ गडी बोलावून अख्खा पिंजरा पाखरांसकट उचलून वर ठेवला. हुकूमही दाराबरोबर वर गेला.

हंबीरराव म्हणाला, "ह्येला काय फरशी म्हंत्यात व्हय? खालचं समदं दिसतंय की." नाथाजी गुरुजी म्हणाले, अधांतरी वास्तूस शास्त्राधार नाही. राहीबाई म्हणाली, सारवायचं कुठं? पाखरांचं मत कुणी विचारलं नाही. ती पहिल्याच सकाळी जाळीवर उतरून सांडलेले दाणे टिपत होती. शीट खाली पडत होती, वारा खालून वर येत होता आणि खुंटांच्या पत्र्यावर घुशीच्या नखांचे ओरखडे होते. हजेरी एकोणीस. दुसऱ्या दिवशी एकोणीस. आठव्या दिवशी निळीच्या मडक्यातून चिवचिव ऐकू आली आणि आकारामानं मोजणी बंद केली.

हुकूम मोडल्याची तक्रार कचेरीत गेलीच. कुणी केली ते गावाला ठाऊक होतं आणि अक्षर वळणदार होतं. सर्कल पुन्हा आले. पिंजऱ्याखाली वाकले, माती तपासली, वर बघितलं आणि खुंटाला टेकून पंचनामा लिहिला : ‘सदर जमीन जैसे थे आहे. पाहणीच्या वेळी सर्व पक्ष जमिनीपासून अडीच फूट वर आढळले. एकाचाही जमिनीशी संबंध दिसून आला नाही. सबब प्रकरण निकाली काढावे.’

पंच म्हणून हंबीररावानं सही केली. आपण कशावर सही केली, हे चेअरमननं नेहमीप्रमाणं वाचलं नाही.

राहीबाईनं चहा दिला. चहा पिता पिता सर्कलची नजर त्या निळ्या मादीवर गेली. "आमच्या धाकटीला फार हौस आहे," ते म्हणाले. "एखादी जोडी मिळाली तर."

"देतो की सायेब," आकाराम म्हणाला. "येक अर्ज करा. आन त्यात पाखरं म्हणूनच लिवा."