चोत्तो

"इशिदा-सेन्सेईंचा फोन आला होता," उदय बूट काढता काढता म्हणाला. "तुझं सोलो आता नाकामुरा-सान गाणार आहेत. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम."

"कधी आला होता?"

"गेल्या आठवड्यात कधीतरी. ऑफिसात."

माझे हात कणकेतच राहिले.

कोबेला आल्यापासून माझं म्हणावं असं एवढंच होतं. वॉर्डाच्या हॉलमधलं बायकांचं गायनमंडळ, तिथे शिकवणाऱ्या इशिदा-सेन्सेई, म्हणजे इशिदाबाई, आणि त्यात माझ्या वाट्याला आलेलं हे जर्मन गाणं. १९२०च्या दशकातल्या बर्लिनच्या कुठल्याशा नाटकातलं. एक धोबीण श्रीमंतांच्या कॉलरी घासते आणि घासता घासता त्यांचा उद्धार करते. पियानो जत्रेतल्या बाजासारखा ठोकत राहतो. चाल गोड होतेय म्हणेपर्यंत एक बेसूर वाटणारा स्वर मध्येच टोचतो. शेवटच्या ओळीला तर चालच नाही, ती नुसती बोलायची.

पण नाटकातलं गाणं म्हटल्यावर मिरजेत नाट्यसंगीत शिकलेल्या बाईने काय करावं? शेवटच्या ओळीवर मी तान घेतली. सेन्सेईंनी मान तिरकी केली, दातांतून श्वास ओढला आणि हसून म्हणाल्या, "जयंती-सान, चोत्तो..." वाक्य तिथेच सोडलं.

चोत्तो म्हणजे थोडं. दुकानात हळद-मीठ घेताना शिकलेला शब्द. मी तान थोडी कमी केली. पुढच्या खेपेला पुन्हा "चोत्तो...". मी आणखी थोडी कमी केली. घरी येऊन मोठ्या उत्साहाने उदयला सांगितलंही, "आता थोडंच राहिलंय!" तो पेपरामागून हं म्हणाला होता.

"अगं, चोत्तो म्हणून पुढे बोलले नाहीत, तर ते 'नाही'च असतं," तो आता सांगत होता. "क्लायंटकडून रोज ऐकतो मी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं. आणि हौसच तर आहे, जयू. एवढं काय त्यात!"

हौस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेन्सेई परक्या, त्यांनी त्यांच्या रीतीने सांगितलं होतं. हा मात्र घरचा, आणि अर्थ ठाऊक असून याने मला महिनाभर हसं करून घेऊ दिलं. वर माझं गाणं परस्पर देऊनही टाकलं!

कणीक तिंबता तिंबता मी ती शेवटची ओळ म्हटली. तान नाही, मुरकी नाही. दातओठ खाऊन नुसती बोलले. पहिल्यांदाच ती जशी हवी तशी आली, आणि ऐकायला सेन्सेई नव्हत्या.

जेवताना उदय खुशीत होता.

"उद्या ओकादा-सान येतायत जेवायला, बायकोसकट. तुझ्या पुरणपोळ्यांचं फार कौतुक केलंय मी त्यांच्याकडे. करशील ना?"

मी मान तिरकी केली. दातांतून श्वास ओढला.

"चोत्तो..." म्हटलं, आणि पोळपाट धुवायला उठले.

त्याचा घास हातातच राहिला. अर्थ त्याला ठाऊक होता.