कवडीवर झाकलेलं डालगं

मी एक जुनं डालगं आहे, मित्रांनो. कोंबडी आणि तिची पिल्लं झाकून ठेवायची बांबूची मोठी टोपली. आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

मला विणलं वहिनींच्या वडिलांनी. वहिनी म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई. लेकीला सासरी आपलं डालगं ओळखू यावं, म्हणून वडिलांनी काठाशी बांबूची एक काळी कामटी विणली. परसात माझ्याखाली कितीतरी पिल्लं वाढली आणि मांजर दरवेळी तोंड पाडून परत गेलं. काठ उसवला, की वहिनी मशीन थांबवून स्वतः मला सुतळीचे टाके घालायच्या. असं डालगं शोधून सापडणार नाही, असं येईल त्याला सांगायच्या.

मग कुंपणापलीकडे राहणाऱ्या त्यांच्या नणंदबाई मला मागून घेऊन गेल्या. त्यांच्या कोंबड्या मलूल झाल्या होत्या, त्या माझ्याखाली वेगळ्या ठेवल्या. हिरवी पातळ विष्ठा, चोच उघडी टाकून घेतलेला श्वास, पिळल्यासारखी मान. सकाळपर्यंत सगळ्या गार पडल्या. नणंदबाईंनी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला कुंपणावरून परत दिलं. कोंबड्या मेल्याचं अवाक्षर काढलं नाही, कारण भावजयीपुढे कमीपणा कोण घेणार! आणि वहिनींनी तरी विचारावं की नाही? पण नणंदेने परत दिलेली वस्तू तिच्यादेखत उलटीपालटी करून बघणं त्यांना बरं दिसेना. झालं, दोघींचा मान राहिला.

त्याच दुपारी मला कवडीवर झाकलं. कवडी ही वहिनींची लाडकी ठिपकेदार कोंबडी, नुकतीच पिल्लं काढलेली. माझ्या फटीफटीत घाण अडकली होती. मी आतल्या आत तडफडलो, पण मला तोंड कुठे आहे? आठवडाही झाला नाही, तोच कवडीने पंख टाकले. मान वाकडी झाली आणि पिल्लांना पोटाशी घेऊनच ती गेली. मागोमाग पिल्लं, मग सगळं खुराडं. वहिनींनी उन्हाला दोष दिला, दाण्याला दिला, बिचाऱ्या मांजरालासुद्धा दिला. मी समोर पडलेलो असून माझ्याकडे कुणी बघेना. असा संताप आला म्हणून सांगू!

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. ही मानमोडी, कोंबड्यांची पसरणारी साथ आहे म्हणाले, आणि वेळेवर लस दिली नाही म्हणून वहिनींना बोलले. बाहेरून काय आणलं होतं, असंही त्यांनी विचारलं. वहिनींची नजर माझ्यावर आली. कुंपणापाशी नणंदबाई मान खाली घालून उभ्या होत्या.

"बांबूच्या फटी नीट धुऊन निघत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "जाळून टाका."

मला हायसं वाटलं. पण वहिनींचे डोळे भरले.

"वडिलांच्या हातचं आहे हो. त्यांचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

डॉक्टरांची पाठ वळली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

आज खाली नव्या पिल्लांची चिवचिव चालू आहे. वहिनी शिडी लावून वर आल्या आहेत आणि काळ्या कामटीवरून बोट फिरवत आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी कोंबडी आजारी पडली, तर शेजाऱ्यांपासून लपवू नका. आणि जुन्या वस्तू नेहमी 'आम्हाला जपा' म्हणतात ना? मी तसं म्हणणार नाही. कुणीतरी वहिनींना एवढं सांगा, की त्यांच्या वडिलांनी मला पिल्लं जगावीत म्हणून विणलं होतं. त्यांची आठवण राखायची असेल, तर मला जाळा.