शंभर यार्ड आणि एकवीस मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, अंतर मोजणारा. तीस मीटर लांब, अंगावर काळे-लाल आकडे. तिवशाजवळच्या एका गावातल्या शाळेत, खेळाच्या खोलीत एका खिळ्याला मी टांगलेला असतो. खेळाच्या शिक्षिका सीमा मॅडमनी मला अमरावतीच्या बाजारातून आणले, त्याला आता दहा वर्षे झाली. माझे आकडे फिकट झाले आहेत, पण आपल्या तोंडाने सांगू नये तरी सांगतो, मी खोटे कधी बोललो नाही.

माझे खरे काम लांब उडी मोजण्याचे. आठवीतली पौर्णिमा पहिल्यांदा चार मीटर बारा उडाली, तेव्हा मॅडमनी माझ्यावरचा आकडा दोनदा वाचला. पौर्णिमाचे वडील बंडू शाळेच्या फाटकासमोर पानठेला चालवायचे. गिऱ्हाईक तसेच सोडून ते धावत आले आणि माझ्यावर वाकून म्हणाले, "चार बारा? पोरगी हाय का हरीण?" त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला गोळ्या वाटल्या.

मग त्याच वर्षी मुख्याध्यापकांकडे कागद आला. शाळा तंबाखूमुक्त करायची. आवारात कुणी बिडी-सिगारेट ओढायची नाही, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही. शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटर आणि चव्वेचाळीस सेंटिमीटर. मोजायला अर्थातच मला काढले. एक टोक सीमा मॅडमच्या हातात, दुसरे खुद्द बंडूच्या. तीन वेळा मी पुरता ताणला गेलो, चौथ्यांदा थोडासा, आणि शेवट आला तो बंडूच्या स्वतःच्या घराच्या भिंतीपाशी.

"घ्या, म्हणजे कायद्यानं मले घरीच आणून सोडलं," बंडू हसले.

रस्त्यावर पिवळी रेघ मारली गेली. रेघेच्या पलीकडे वीतभर अंतरावर ठेला उभा राहिला. फाटकावर पाटी लागली, शाळेचे कौतुक झाले, आणि फोटोत सीमा मॅडमच्या हातात मीही होतो. मी फुगून गेलो होतो. काम फत्ते झाले असे मला वाटले.

मित्रांनो, माझी सारी चूक त्या फुगण्यात होती.

बंडूचा ठेला चालायचा तो खर्ऱ्यावर. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटून घोटून खर्रा करतात. आता ठेला घराला टेकला, म्हणून शाळा सुटली की पौर्णिमा वडिलांच्या मदतीला बसू लागली. बंडूंनी स्वतः इतकी वर्षे खर्रा खाल्ला होता की त्यांच्या जिभेला चुना कमी की जास्त हे कळेनासे झाले होते. ते पोरीला म्हणायचे, "चाखून पाह्य वं, चुना बरोबर झाला काय." ती चिमूटभर तोंडात टाकायची आणि थुंकायची. पुढेपुढे ती थुंकेनाशी झाली. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला दिसले ते एवढेच, की मैदानावर डबा खाताना तिने तिखट भाजी सोडली आणि नुसता दहीभात आणू लागली. सीमा मॅडमनी विचारले, तर म्हणाली, "तोंड आलं मॅडम." मॅडमना ते खरे वाटले.

यंदा पौर्णिमा दहावीत. उडी चार साठवर गेली आणि जिल्हा स्पर्धेला तिची निवड झाली. स्पर्धेआधी शाळेत तपासणी होती. दातांच्या डॉक्टर भावनाताई अमरावतीहून आल्या होत्या. त्या एकेकाला सांगत, "तोंड उघड आणि आपली तीन बोटं उभी घाल." मुले हसत हसत बोटे घालत होती. पौर्णिमाचे एक बोट गेले. दुसरे दातांना अडले.

डॉक्टर हसायच्या थांबल्या. त्यांची मोजायची छोटी पट्टी सापडेना, म्हणून सीमा मॅडमनी मला पुढे केले. डॉक्टरांनी माझे शून्याचे टोक स्पिरिटच्या कापसाने पुसले आणि तिच्या खालच्या दातांवर टेकवून वरच्या दातांपर्यंतचे अंतर वाचले.

एकवीस मिलिमीटर.

चाळीसच्या वर हवे होते. उड्या मोजणारा मी. एवढे लहान अंतर पाहून एवढा मोठा धक्का मला कधी बसला नव्हता. माझे आकडे चुकीचे असावेत असे मला वाटले.

बंडूंना बोलावले. ते धापा टाकत आले, ऐकले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा टेप जुना हाय. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजले. एकवीसच.

"खर्रा खाते का ही?" डॉक्टरांनी विचारले.

"बाबा, तुमीच म्हणत होते ना चाखून पाह्य," पौर्णिमा खाली बघत म्हणाली. "आधी मी थुकून देत होती."

बंडूचा चेहरा राखेसारखा झाला. "पण मी तं लाइन ओलांडली नाही मॅडम. बोटभरही नाही."

"लाइनीचा प्रश्नच नाही, दादा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "खर्ऱ्याला राज्यात सगळीकडेच बंदी आहे. लाइनीच्या अलीकडे आणि पलीकडेही."

मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहत होते. सीमा मॅडम खुर्चीवर बसल्या. "बंदीचं मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी अंतर मोजलं. पन्नीत काय हाय ते पाह्यलं नाही." त्यांना रडू आवरेना, आणि मला माझ्या फोटोची लाज वाटली.

डॉक्टरांनी काही लपवले नाही. खर्ऱ्याने गालांची आतली कातडी आखडून ताठ झाली होती, म्हणून तोंड उघडत नव्हते आणि तिखट सोसत नव्हते. खर्रा आजच सुटला आणि औषध, व्यायाम नीट झाला तर तोंड थोडे उघडेल, पूर्वीसारखे होईलच असे नाही. सुटला नाही तर पुढे कर्करोगाचे भय.

ठेला त्या दिवसापासून बंद आहे. दर शनिवारी बंडू शाळेत येतात, मला मागून घेतात आणि पोरीचे तोंड स्वतः मोजतात. एकवीस. एकवीस. बावीस.

मागच्या शनिवारी पौर्णिमाने माझे टोक त्यांच्या हातून काढून घेतले आणि म्हणाली, "आता तुमी उघडा, बाबा."

"मले काय झालं?" ते म्हणाले. ती हलली नाही. शेवटी त्यांनी तोंड उघडले. ते पोरीपेक्षाही तीन मिलिमीटर कमी भरले.

मित्रांनो, मी जुना झालो, माझे एक ऐका. आज घरी गेल्यावर वडिलांना, काकांना, आजोबांना तोंड उघडायला सांगा. तीन बोटे उभी जातात का पाहा. ते रागावतील. रागावू द्या, पण पाहिल्याशिवाय हलू नका.