आत्याचा शब्द

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी झेंडूने भरलेला टेम्पो मखमलाबाद रोडला उलटला आणि शेखर डॉक्टरच्या कॅज्युअल्टीत त्याची सख्खी आत्या कुसाबाई आणि आतेभाऊ ललित एकदमच येऊन पडले. ललितची मांडी मोडली होती. त्याने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं. आत्या गप्प पडून होती, लुगड्यात झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या.

नव्या डॉक्टरांना शेखर हेच तर शिकवायचा. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, आधी गप्प माणसाकडे जा. आणि कपडे कापून पुढून-मागून सगळं अंग बघितल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तसा तो आधी आत्याकडेच गेला. नाडी जलद होती. त्याने कात्री उचलली, तसं तिने लुगडं घट्ट धरलं.

"शेखऱ्या, लाज हाय का नाय? मला काय बी नाय झालं. डावा खांदा तेवढा ठणकतोय. तू आधी ललितकडं बघ."

शाळेसाठी तिच्या घरी राहून वाढलेलं पोर हे. त्या घरात तिचा शब्द कुणी मोडत नसे. शेखरने लुगड्यावरूनच पोट दाबून पाहिलं, घाबरली असेल म्हणून नाडी पळतेय अशी स्वतःची समजूत घातली, आणि तो ललितकडे वळला. ललितची पँट मात्र त्याने टराटरा कापली.

ललितचा पाय बांधून, सलाईन लावून तो परत आला, तेव्हा आत्या पांढरीफटक पडली होती. नाडी हाताला लागेना. आता त्याने लुगडं कापलं. डाव्या बरगड्यांखाली काळानिळा डाग, पोट टम्म फुगलेलं. बरगड्यांआडची प्लीहा फाटून पोटात रक्त साचलं होतं आणि खांद्यातली कळही त्या प्लीहेचीच होती. परीक्षेत हा प्रश्न आला होता, त्याने उत्तर बरोबर लिहिलं होतं. ऑपरेशन थिएटरच्या दारातच आत्या गेली.

दहावा झाल्यावर शेखर ललितच्या खाटेशी येऊन बसला. ललितने त्याचा हात धरला.

"आईचा शब्द राखलास, दादा. समदे पाव्हणे हेच म्हनत व्हते."

शेखरला ते कौतुक ऐकवेना. माणूस मनावरचं ओझं उतरवायला निघाला, की ते कुणाच्या डोक्यावर पडेल हे बघत नाही.

"शब्द राखला म्हणूनच ती गेली रे. आधी तिला नीट तपासायला हवं होतं. मी तुझ्याकडे वळलो."

बोलून टाकलं आणि त्याला जरा हलकं वाटलं.

"मंजी मी वरडलो नसतो तर..."

"नाही रे! मांडी मोडल्यावर माणूस ओरडणारच. चूक माझी, ललित, माझीच."

ललितने हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर पाय हलवताना कितीही दुखलं तरी तो हूं की चूं करत नसे. काय सोशिक पेशंट आहे, असं नर्स कौतुकाने म्हणायच्या, आणि शेखर तिथून उठून जायचा.