एका ठोक्यात हट्टी

मित्रांनो, माझ्या तळाशी एकच शब्द कोरलेला आहे, 'हट्टी'. मी शाळेच्या कचेरीतला जुना रबरी शिक्का. लाकडी मूठ, चौकोनी चौकट, तिचा एक कोपरा उडालेला. आज मी रागावलो आहे आणि हा राग मी गिळणार नाही.

पूर्वीच्या मुख्याध्यापकांना प्रगतिपुस्तकांवर तोच तोच शेरा लिहून कंटाळा आला, म्हणून त्यांनी मला करून घेतले. घंटा वाजली की कान झाकून ओरडणारी मुलगी? हट्टी. बसायची जागा बदलली की आकांत करणारा मुलगा? हट्टी. नाव घेतले तरी मान वर न करणारी? तीही हट्टी. का, असे कोणी एकदाही विचारले नाही. "एका ठोक्यात काम!" म्हणून माझे कौतुक मात्र व्हायचे आणि मी शाईच्या गादीवर फुशारून बसायचो. आता आठवले की माझीच मला चीड येते.

पुढे शेरे संगणकावर गेले आणि मी खणात पडलो. परवा आठ वर्षांच्या एका मुलीचे वडील कचेरीत आले. तिची तपासणी करायला समुपदेशक बाईंना त्यांची सही हवी होती. सही नसेल तर मदतीची शिक्षिका मिळणार नव्हती. तीन महिने ती पोर वर्गाबाहेर व्हरांड्यातच बसत होती.

"ऑटिझम, स्वमग्नता वगैरे सगळी नवी खुळं आहेत," वडील कडाडले. "आमच्या वेळी होतं का कुणाला? आमच्या घरात तर नाहीच!"

कारकुनाने लगेच री ओढली. "दहा वर्षांपूर्वी शाळेत असं एकही मूल नव्हतं. आता अकरा! साथच आलीय म्हणा ना."

साथ! खणात माझा नुसता जळफळाट झाला.

"आता आपण बघायला शिकलोय, म्हणून ही मुलं दिसायला लागली," बाई म्हणाल्या. "सगळी वाढ यामुळेच, असं मात्र मी म्हणत नाही."

तेव्हा वडिलांसोबत आलेली मुलीची आजी उठली. तिच्यासोबत तिची थोरली लेक आली होती, म्हणजे मुलीची आत्या. आल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती. टेबलावरच्या पेन्सिली ती उंचीप्रमाणे लावत होती. दाराबाहेर भाची खडूचे तुकडे अगदी तसेच लावत होती.

आजीने पिशवीतून एक पिवळे पडलेले प्रगतिपुस्तक काढले आणि आपल्या मुलापुढे आपटले. "तुझ्या ताईचं आहे. बघ."

सात पाने, सात शिक्के, प्रत्येकाचा कोपरा उडालेला. सगळे माझेच.

"तेव्हा याला काय म्हणतात, ठाऊक नव्हतं रे. हिचा हट्ट मोडायचा म्हणून मी हिला मारलं. आता नातीलाही मारू?"

वडिलांनी ती सातही पाने उलटली. मग त्यांनी सही केली आणि हळूच विचारले, "बाई, ताईच्या वयात ही तपासणी होते का हो?"

दोघींचीही तपासणी झाली आणि दोघींनाही ऑटिझम असल्याचे निघाले. कारकून म्हणाला, "बघा, एकाच घरात दोन वाढल्या!"

वाढल्या? अरे, आत्या तर माझ्याच ठोक्याखालून गेली होती!

मित्रांनो, मला खुशाल फेकून द्या. पण त्याआधी जुनी प्रगतिपुस्तके उघडा आणि माझे ठसे पाहा. त्यातले प्रत्येक मूल स्वमग्न असेल असे नाही. पण त्या प्रत्येकाला 'का' विचारायचे राहून गेले आहे. आत्याला ते विचारायला चाळीस वर्षे लागली.