सणाच्या दिवसाचा लोड

"सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण गेल्या गौरीला ह्या घरानं थेट डोंगरीपर्यंत अंधार पाडला होता!"

दशरथने टेबलावर अशी थाप मारली की फॉर्मांची चवड घसरली. अथर्वने ती सावरली. हा कंत्राटदाराकडचा नवा इंजिनियर. बेव्हर्ली पार्कमधल्या दशरथच्या इमारतीची मुख्य केबल बदलायची होती, म्हणून कुणाला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज लागते, ते तो घरोघर लिहून घेत होता. सोबत सेक्रेटरी जितेंद्र. चोवीस घरांची बेरीज मर्यादेच्या चार किलोवॅट वर चालली होती. मर्यादा ओलांडली तर कंपाउंडात ट्रान्सफॉर्मरला जागा द्यावी लागणार, आणि जितेंद्रची गाडी नेमकी त्याच जागेवर उभी असायची. त्यामुळे त्याचं लक्ष तळमजल्यावरच्या दशरथच्या तीन नंबरकडे गेलं होतं. फॉर्मवर लोड पाच किलोवॅट, राहणारा माणूस एक.

"काका, एक बास तुम्हाला. एक ट्यूब, एक पंखा, टीव्ही. एवढं पाच घेऊन किसको दिखाना है?"

"एक किलोवॅट पानटपरीला देतात, जितू. हे घर आहे."

"घरच आहे हो. पण तुम्ही एकटे ना?"

"म्हणून घराची टपरी करणार तू?"

दशरथ चाळीस वर्षं वायरमन. आसपासच्या निम्म्या इमारतींच्या भिंतींत त्याच्या हातची वायर होती. पाइपात वायर अडकली की धामणीच्या शेपटीला बांधून ती पलीकडे काढायचो, असं तो शपथेवर सांगे. धामण आपली आपण पुढे जाते, फक्त पलीकडे उंदीर दाखवायला माणूस लागतो. ते काही असो, लोड काढावा तर दशरथनेच. घरातल्या पुरुषाला तो कधी विचारत नसे. पुरुष म्हणणार, दोन ट्यूब, एक पंखा. दशरथ सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राही. "वहिनी, सणाच्या दिवशी सकाळी आठ वाजता काय काय चालू असतं?" बाई बोटांवर मोजत सांगे आणि तोच आकडा बरोबर निघे.

"पण आजोबा, सगळं एकदम चालत नाही ना," अथर्व म्हणाला. "म्हणून आम्ही बेरजेच्या निम्मंच धरतो."

"तुमच्या पुस्तकात नसेल चालत. लिही. गौरीचा दिवस. सुभाष पुण्याहून आला, बायको, पोरं. सुचेता, जावई, त्यांची दोन. आंघोळीची घाई म्हणून गीझर. तो दोन हजार वॉट. जावयाला कडक कॉलर लागते, इस्त्री साडेसातशे. सून वाटण वाटतेय, मिक्सर पाचशे. ओल्या कपड्यांचा हा ढीग, वॉशिंग मशीन चारशे. फ्रिज दोनशे. पोरांना कार्टून, शंभर. चार पंखे, सहा ट्यूब. कर बेरीज."

अथर्वने केली. "चार हजार चारशे तीस."

"आणि फ्यूजची तार पंधरा अँपियरची! फाट्कन उडाली. नातवंडं टाळ्या पिटतायत, जावई डोक्याला साबण लावून बाथरूममधून ओरडतोय. असा दिवस असतो घराचा. केबल त्या दिवसाची घालायची असते, बाळा. रोजच्या दिवसाला काय, मेणबत्ती पण चालते."

अथर्व हसला. त्याचं पेन पाचाच्या आकड्याकडे वळलं.

"एक मिनिट," जितेंद्र म्हणाला. "काका, तुमचाच नियम ना, बाईमाणसाला विचारायचं? मग विचारू या की."

दशरथने भिंतीकडे पाहिलं. त्याच्या बायकोच्या, सुलूच्या फोटोवर छोटा लाल दिवा जळत होता. त्याचा लोड त्याने फॉर्मात धरला नव्हता.

"ती असती तर तुला एवढं बोलू दिलं नसतं."

"पण शालूताई आहेत ना!" जितेंद्रने उघड्या दारातून हाक मारली. समोरच्या चार नंबरमधली शालू सुलूची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. भाजीची सुरी हातात घेऊनच ती उंबऱ्यापर्यंत आली. "ताई, गेल्या गौरीला इथे काय झालं होतं? खरं सांगा. बिल्डिंगचा सवाल आहे."

दशरथने तिला डोळा घातला. मग दुसराही मिटून पाहिला.

शालूने फॉर्मकडे पाहिलं, बेरीज वाचली आणि मग त्याच्याकडे वळली.

"डोळे काय मारताय, भावोजी? मी नाही खोटं बोलणार, सुलूच्या फोटोसमोर तर नाहीच. कोण सुभाष आणि कुठला जावई? एक माणूस आलं नव्हतं. मी घावन-घाटलं घेऊन आले तर सगळी बटणं खाली. इस्त्री पाटावर नुसती तापतेय. मशीन पाणी घुसळतंय, आत एक कपडा नाही. मिक्सर रिकामा फिरतोय, आणि हे मधोमध उभे राहून वर पंख्यांकडे बघतायत. माझ्यासमोर फ्यूज उडाला."

जितेंद्रचा हात फॉर्मकडे गेला. दशरथने त्यावर आपला पंजा ठेवला. चटक्यांच्या जुन्या डागांनी भरलेला तो पंजा हलला नाही.

"उडाला ना?"