काश्यप गोत्राचा बिली

कामाक्षीबाईंच्या शब्दापुढं त्या घरात कुणी गेलं नव्हतं. नवरा होता तेव्हा नाही, आणि जॉर्ज टाउनातलं भांड्यांचं दुकान मुलाच्या, जनकोजीच्या, हाती गेल्यावर तर नाहीच. म्हणून तर आज सकाळीच अमेरिकेहून त्यांच्या लेकीचा, सुष्मिताचा, रडत फोन आला. नातू संकेत तिथल्या फौजेत भरती होणार, उद्या सही करणार. बापाचं ऐकेना, आईचं ऐकेना. आता तूच बोल, म्हणाली.

जनकोजीनं संकेतला फोन लावून स्पीकर चालू केला आणि दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन तिथंच उभा राहिला.

संकेतचं मराठी एरवी अडखळत चालायचं, पण आज पोरगा तयारीनं आला होता. दोन्ही महायुद्धांत अमेरिका उतरली म्हणून निकाल लागला, नाहीतर जग कुणाच्या टाचेखाली असतं कोण जाणे, असं त्याचं म्हणणं. त्या देशानं आपल्याला घर दिलं, मग आपण काही द्यायला नको का?

बाईंच्या जिभेचा पट्टा सुटला. शाळा चौथीत सुटली असली तरी लढाईचं त्यांनी वडलांच्या, अप्पांच्या, तोंडून ऐकलं होतं. पहिल्या लढाईत वर्षानुवर्षं माणसं मरत होती तेव्हा तुझी अमेरिका कुठं होती, म्हणाल्या. दुसऱ्या वेळी रशियाची गावंच्या गावं ओस पडली, आपली पोरं ब्रह्मदेशाच्या चिखलात रुतली. हे आले पंगत अर्धी जेवल्यावर, आणि म्हणे स्वयंपाक आम्हीच केला.

जनकोजी हसला. संकेत हसला नाही.

"आजी, तुझे अप्पा तिथंच होते ना? ब्रह्मदेशात ट्रक चालवत? ते काय म्हणायचे? तू सांगशील ते मी मानीन. आई रडते, बाबा ओरडतात. तू खोटं बोलत नाहीस."

जनकोजी डोळ्यांनी खुणावत होता, सांगून टाक. अमेरिका नसती तरी आपण जिंकलोच असतो, अप्पा असंच म्हणायचे, एवढंच म्हणायचं होतं. पोरगा घरी राहिला असता. अप्पा थोडेच उठून येणार होते?

"ट्रक अमेरिकेचा होता," त्या म्हणाल्या. "पेट्रोल त्यांचं. डब्यातलं जेवण त्यांचं. ते नसते तर उपाशी मेलो असतो, असं अप्पा म्हणायचे."

जनकोजीनं कपाळावर हात मारला.

"म्हणजे फरक पडला," संकेत हळूच म्हणाला.

"पडला. मोठा पडला. आता पुढचं ऐक डा." लाडात आल्या की बाईंच्या मराठीत असं तमिळ शिरायचं.

मग त्यांनी बिलीचं सांगितलं. तो अवजड ट्रक घाटात कसा आवरायचा हे अप्पांना शिकवलं एका अमेरिकन पोरानं. संकेतच्याच वयाचा, नाव बिली. तो तिथंच गेला. अप्पा घरी परतले आणि दर अमावस्येला वाडवडलांना तर्पणाचं पाणी सोडून झालं की शेवटची ओंजळ बिलीला देऊ लागले. भटजींनी गोत्र विचारलं. ज्याचं गोत्र ठाऊक नसतं त्याचं काश्यप धरतात, तेच अप्पांनी धरलं. नातेवाईक हसले, सोवळ्यातल्या आत्या चिडल्या. अप्पांनी ते हातपाय चालेपर्यंत सोडलं नाही.

"लढाईत फरक पडला, कण्णा. बिलीच्या आईला काय पडला, हे विचारायला कोण गेलं?"



"मी बंदूक मागणार नाही, आजी. ट्रकच मागीन. ट्रकवाल्याला कोण गोळी घालतंय?"

जाणारच असेल तर न घाबरता जाऊ दे, असं बाईंच्या मनात आलं. तोंडातून मात्र खरं तेच बाहेर पडलं.

"बिलीलाही गोळी लागली नव्हती. पावसात रस्ता खचला. ट्रकसकट दरीत गेला. अप्पा मागच्याच ट्रकवर होते."

शेवटचा शब्द बाईंनी आजवर दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता. आज त्या फोनकडं बघत गप्प बसल्या.

"उद्या जात नाही," अखेर संकेत म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघतो. तोवर विचार करतो."

तो नकार नव्हता, हे त्यांना कळलं.

"कर. डोकं दिलंय देवानं, वापर थोडं," म्हणून त्यांनी फोन बंद केला.

"आई, एक खोटं बोलली असतीस तर आजच सुटला असता तो," जनकोजी म्हणाला.

"सुटला असता. आणि खरं कळलं असतं त्या दिवशी धावत गेला असता," बाई म्हणाल्या. "तू जा, दुकान उघड."